थडग्यापुढचं लाल सरबत

थायलंडमधल्या कांचनबुरीच्या दफनभूमीत हजारो थडगी, पण झेंडूचा हार आणि लाल सरबताची बाटली एकाच थडग्यापुढे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांची रेल्वे बांधता बांधता मेलेल्या एका युद्धकैद्याच्या. माझ्या सहलीतल्या मेलबर्नच्या थेल्माआजींचे ते वडील.

"कोण गं यांची एवढी आठवण ठेवतं?" आजींनी डोळे पुसत विचारलं.

गाईड असूनही मला खोटं बोलवेना. "रागावू नका, आजी. या पाटीवरच्या फौजी नंबराचे शेवटचे दोन आकडे लॉटरीत लागले, तेही दोनदा. तेव्हापासून आमच्या गावातल्या बायका नवसाचं लाल सरबत ठेवून पुढचा नंबर मागायला येतात."

आजी थडग्याकडे वळल्या. "घोड्यांच्या शर्यतीत राहतं घर घालवलंत, तोंड लपवायला लढाईवर आलात. आम्हाला बुडवून इथे परक्यांना तारताय होय!"

मग चष्मा लावून त्या पाटीवर वाकल्या.

"पुढची सोडत कधी आहे गं?"