गोदामाचा पत्ता

लेकीने कारखान्यातून आणलेली पिशवी टेबलावर उपडी केली आणि मास्तरांचं टाळकंच सरकलं.

पिशवीत बाल्साच्या, म्हणजे फुलासारख्या हलक्या लाकडाचे तुकडे होते, बिस्किटाएवढे. मास्तरांनी एक उचलला, वाकवला. कट्कन मोडला. खोडाला आडवं कापलेलं लाकूड, त्याचा पंख होतो कधी? शेजारी रविवारच्या छोट्या मॉडेल विमानांच्या स्पर्धेसाठी त्यांनी बनवायला घेतलेलं विमान पंखांवाचून पडलं होतं.

नेहमीचा गोदामवाला नुसतं 'माल यायचाय' म्हणत टाळत होता, म्हणून पंखापुरत्या एका हलक्या फळीसाठी दोन महिने त्यांनी दुकानं पालथी घातली होती. जो तो एकच सांगायचा, सगळा माल पवनचक्कीच्या पात्यांत जातो. एकेक पातं म्हणे मैदानाएवढं लांब. त्याच पात्यांच्या कारखान्यात लेक खरेदी बघायची. पण आमचा माल थेट बोटीने येतो, असं ती म्हणायची, म्हणून मास्तर गप्प होते.

आज तिच्या तोंडून निघून गेलं. बोटी लांबल्या, म्हणून कारखान्याने इथल्याच एका गोदामाचा सगळा माल पाच वर्षांसाठी करार करून बांधून घेतला होता. कुठलं, ते मास्तरांनी विचारलं. तिने खाली मान घालून सांगितलं.

मास्तरांच्या विमानवाल्यांच्या क्लबने ते गोदाम तीस वर्षं सख्ख्या भावालाही कळू दिलं नव्हतं. तिथला मालक वजन करकरून हलक्या फळ्या त्यांच्यासाठी बाजूला काढायचा. लेकीला नोकरी लागली तेव्हा मास्तरच मिरवत तिला तिथे घेऊन गेले होते. माझी मुलगी, हिला सगळा माल दाखवा, म्हणाले होते. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"बाबा, मी तिथे तुमची मुलगी म्हणून गेले नव्हते. कारखान्याकडून गेले होते."

"मग पत्ता कुणाच्या मुलीला दिला होता मी?"

तेवढ्यात फोन वाजला. क्लबचा सेक्रेटरी नुसता धुमसत होता. गोदाम गेलं, अठरा जणांची विमानं अर्धवट लटकली. आपल्यातल्याच कुणीतरी घात केलाय, नाव कळू दे, त्याला क्लबातून हाकलायचं सगळ्यांनी ठरवलंय.

लेकीने फोनसाठी हात पुढे केला. मास्तरांनी तिचा हात झटकून टाकला.

"घे, नाव लिहून घे," ते म्हणाले, आणि आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.