गायकाची भेट

चार दिवस हॉस्पिटलच्या वॉर्डातले सगळे त्या प्रसिद्ध गायकाला शिव्या घालत होते. दारू पिऊन त्याने मालनच्या नवऱ्याच्या, भीमरावांच्या, अंगावर गाडी घातली होती आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता.

पाचव्या दिवशी फळांची करंडी घेऊन तो स्वतःच आला. शिव्या देणारेच मोबाइल उगारून त्याच्याभोवती गोळा झाले. “सर, एक सेल्फी,” म्हणत सिस्टरही पुढे सरसावल्या. मालन नवऱ्याच्या खाटेसमोर वाट अडवून उभी राहिली.

“इथे येऊ नका,” तिने गायकाला सांगितलं.

मागून भीमरावांनी तिचा पदर ओढला.

“बाजूला हो गं,” ते ओशाळं हसत म्हणाले. “आणि आधी माझा कंगवा दे.”

तिने कंगवा दिला आणि बेसिनपाशी जाऊन ती कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिली.