परत गेलेलं ताट

"पाव शिळा आहे," वडील म्हणाले आणि त्याच पावाने त्यांनी ताटातलं शेवटचं तेल पुसून घेतलं.

मुलीने मान वर न करता फोनवर टिपलं. पाव शिळा. ती वर्तमानपत्रात खाण्यावर लिहायची. शहरातल्या ग्रीक हॉटेलांची तुलना करून उत्तम कोणतं ते तिला सांगायचं होतं. उत्तम सापडेपर्यंत दर रविवारी एक हॉटेल, आणि सगळीकडे पदार्थ तेच: भाजलेलं मटण, भट्टीतलं वांगं, खारं चीज. वडील जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होते. ग्रीक बंदरांतल्या खाणावळी त्यांना पाठ होत्या, म्हणून ती त्यांना बरोबर न्यायची. आता ते दोन खोल्यांत एकटेच राहत. रविवारी ती गाडी घेऊन पोचायची, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून ते फाटकापाशी उभेच असायचे.

जीभ जाणती होती, पण तितकीच खाष्ट. एका ठिकाणी मटण चिवट. दुसरीकडे वांगं कच्चं. तिसरीकडे चीज असं, की "समुद्र आटवून ठेवलाय नुसता."

"बाबा, प्रत्यक्ष देवाने रांधून वाढलं तरी तुम्ही नावं ठेवाल."

"देव कधी जहाजावर होता? भर वादळात रांधून दाखव म्हणावं." मग तोंड पुसत ते विचारायचे, "बरं, पुढच्या रविवारी कुठे?"

शेजारच्या टेबलावरून उष्टी ताटं आत जाऊ लागली की ते वळून बघायचे. जुनी खोड. ती लहान असताना रजेवर आले की तिला सांगायचे, "जेवण कसं झालं ते खलाशांना कधी विचारू नये. परत आलेलं ताट बघावं. तोंड खोटं बोलतं गं, ताट नाही बोलत."

लेख रखडला. संपादक चिडले, "एवढ्या मोठ्या शहरात एकही धड हॉटेल नाही?" तो राग तिने गाडीत बसल्याबसल्या वडिलांवर काढला.

"पुढच्या रविवारी मी एकटीच जाते, बाबा. तुमच्या नादाने माझं काम अडलंय."

त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "बरोबर आहे. तसेही माझे गुडघे दुखतातच." उतरताना म्हणाले, "तिथलं वांगं मात्र नीट बघ."

उरलेली हॉटेलं तिने एकटीने उरकली. लेख छापून आला, लोकांनी वाखाणला. वडिलांकडे जायचं मात्र या ना त्या कामाने राहत गेलं. थंडीत ते गेले.

त्यानंतर एका रविवारी ती त्या शिळ्या पावाच्या हॉटेलात जाऊन बसली. तेच पदार्थ मागवले. पाव गरम होता, मऊ होता. दोन घास खाल्ले आणि बाकीचं तसंच ठेवलं.

वेटर ताट उचलायला आला. "आवडलं नाही का, ताई?"

"छे, फार छान होतं."

वेटरने तिच्याकडे बघितलंच नाही. तो भरलेल्या ताटाकडे बघत होता.

बाबांची ताटं तिला आता एकेक करून दिसू लागली. सगळ्या हॉटेलांतून ती धुतल्यासारखी स्वच्छ परत गेली होती.

एखादं हॉटेल उत्तम ठरलं असतं, तर त्यांना पुढचा रविवार उरला नसता.