डावी काडी

प्रयोगशाळेत मी तारा ताणतो. या तारेला भट्टीत एकदा आकार शिकवला, की नंतर ती कितीही वाकवा, तापवल्यावर त्याच आकारात परत येते. हजारो वेळा ताणून, तापवून ती किती विसरते, याचं गणित मॅडम संगणकावर मांडतात.

सगळ्या तारा मी सरळच शिकवल्या होत्या. आज सकाळी एक तार तापवली आणि ती टोकाशी वाकली. माझ्या बायकोच्या चष्म्याची डावी काडी अशीच होती. तो कान जरा वर, म्हणून तिनेच ती वाकवून घेतली होती.

मॅडम म्हणाल्या, "काका, तारसुद्धा थकते. नवी लावा, आणि तुम्हीही घरी जाऊन जरा पडा."

"घरी कोण आहे वाट बघायला?"

शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिचा चष्मा न्यायला मी विसरलो. माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "कोण तुम्ही?" नंतर तो चष्मा तिच्याबरोबरच चितेवर गेला.

नवी तार पहिल्यांदाच तापवली, तर तीही वाकली. ही उजवी काडी होती.

आता तिसरी तार वळतेय, चष्म्याच्या काचेएवढी गोल. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलोय, चेहऱ्यावर उजेड पडेल असा.