किती रेस द्यायची

म्हाताऱ्याने पुन्हा मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं.

"कळलं, डॅड, उशीर झालाय," मार्लिस ट्रॅक्टरवरूनच ओरडली. "मी काय इथे झोपा काढतेय?"

म्हातारा आल्विन काठीवर भार देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मधल्या अंगणात नुसती बर्फाची काच पसरलेली. रात्रभर पाऊस पडता पडता गोठत गेला होता आणि सगळ्या तालुक्याच्या विजेच्या तारा त्याच्या ओझ्याने खाली आल्या होत्या. गोठ्यात गाई हंबरत होत्या. कालपासून दूध निघालेलं नव्हतं, कासा दगडासारख्या झाल्या होत्या. आजची दुपार अशीच गेली, तर निम्म्या गाई आजारी पडणार होत्या.

जनरेटर होता. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला जोडला की फिरायचा. अडचण एकच, त्याला नेमका वेग लागायचा, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर जिथे असायला हवा तिथे भोक होतं. जनरेटरवरचा काटा तर केव्हाच मेला होता. गेल्या हिवाळ्यात आल्विन इस्पितळात असताना मार्लिसने अंदाजानेच रेस दिली होती. ती जास्त झाली. दुधाची टाकी थंड ठेवणारी मोटर जळाली आणि दूध काढायच्या यंत्राचाही कोळसा झाला. तो वास अजून तिच्या नाकातून गेला नव्हता. आता ट्रॅक्टर धडधडत होता, जनरेटर फिरत होता, पण गोठ्याचा खटका वर करायला तिचा हात धजत नव्हता.

आणि हे सगळं ज्याला येत होतं, त्याची वाचा गेली होती. धड होता तेव्हा विचारलं तर म्हणायचा, "बघशील हळूहळू." आता पक्षाघाताच्या झटक्यानंतर तोंडात एकच शब्द उरला होता, "या," त्यांच्याकडचं 'हो'. हो म्हणायलाही या, नाही म्हणायलाही या. मार्लिसला त्याची कीव यायची. आज नुसता राग येत होता.

तेवढ्यात शेजारचा गॉर्डी, बर्फावर घसरू नये म्हणून गाडीच्या चाकांना साखळ्या बांधून, आला. हातात मीटर होता.

"हा चिमटा प्लगच्या वायरला लाव. इंजिनचे फेरे लगेच दाखवतो बघ."

"गॉर्डी, हे डिझेल आहे."

"मग?"

"डिझेलला प्लग असतो का?"

गॉर्डीने मीटरकडे पाहिलं, इंजिनकडे पाहिलं आणि मीटर गुपचूप खिशात घातला. "माहितीये गं मला," तो म्हणाला. "आवाजावरून सांगतो, थांब. वाढव. अजून थोडी. नाही नाही, फार झाली. आधी होती तीच बरी होती बहुतेक."

"बहुतेकवर माझी नवी मोटर लावू?"

मग त्यांनी फिरणाऱ्या दांड्यावर खडूची खूण करून फेरे मोजून पाहिले. खूण दिसायचीच नाही, नुसता पांढरा पट्टा दिसायचा. गॉर्डीने हात टेकले. इकडेतिकडे बघताना त्याची नजर शेडच्या भिंतीवर गेली. तिथे मार्लिसच्या आईचं जुनं स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्याला टांगलेलं होतं, वायर थेट जनरेटरच्या सॉकेटात.

"सव्वातीन? अजून जेवायची वेळ नाही झाली," गॉर्डी हसला. "आल्विनच्या शेडमध्ये वेळ विचारू नये म्हणतात ते खोटं नाही. जनरेटर बंद असला की मेलेलं, चालू असला की भलतंच."

रविवारी चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला जमले की होणारा हा विनोद कित्येक वर्षं चालत आला होता. आल्विनही मान डोलवून हसायचा. मार्लिसला मात्र आज हसू आलं नाही.

मागे काठी खरडल्याचा आवाज झाला. म्हातारा अंगण ओलांडून आला होता, एक पाय ओढत, त्या काचेवरून.

"डॅड, वेड लागलंय का तुला? आता हाडं मोडून घे, तेवढंच राहिलंय." तिचा आवाज चिरकला. "घड्याळ दाखवायला एवढ्या लांब आलास? मला कळत नाही का किती वाजले ते?"

"या," आल्विन म्हणाला. काठी त्याने गॉर्डीच्या हातात दिली. चांगल्या हाताने लुळ्या मनगटावरचं घड्याळ सरकवून काढलं आणि हात उंच करून भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरलं.

मार्लिस चिडून बघत राहिली. मग नीट बघू लागली. दोन्हीकडे सेकंदकाटे पळत होते. भिंतीवरचा मागे पडत होता. म्हाताऱ्याने हनुवटी वर उचलली.

तिने रेसची दांडी जराशी ढकलली. भिंतीवरचा काटा जोरात निघाला आणि म्हाताऱ्याच्या हातातल्याला मागे टाकून गेला. हनुवटी खाली आली. तिने दांडी केसभर मागे घेतली. आता दोन्ही काटे बरोबर चालू लागले, बाराला बरोबर पोचले, बरोबरच पुढे गेले. भिंतीवरचं घड्याळ जनरेटरच्या विजेवरच चालायचं, त्यामुळे जनरेटरचा वेग नेमका असेल तरच त्याचा काटा बरोबर पळणार होता. त्यात वाजले किती, याला काही अर्थच नव्हता.

"च्यायला," गॉर्डी हळूच म्हणाला.

मार्लिसने खटका वर केला. गोठ्यातले दिवे लागले, पंप सुरू झाला. कसलाही वास आला नाही. आल्विन अजून हात उंच धरून उभा होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांनी खाली घेतला आणि घड्याळ परत त्याच्या मनगटावर चढवलं.

सकाळपासून तो घड्याळावर बोट आपटत होता, पण 'उशीर झाला' असं त्याला एकदाही म्हणायचं नव्हतं.