करंगळीची रजा

"आता दुखतीय का?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"न्हाय की अप्पा. लोण्यावरनं फिरल्यागत बोटं फिरतात," रुद्राणी म्हणाली. बोलतानाही तिचे हात थांबले नाहीत. टाइपरायटरवरच्या कागदावर अर्जाचा मजकूर बिनचूक उमटत होता.

सेवानिवृत्त मास्तर बसलिंगप्पा कृतार्थ झाले. सुनेची करंगळी टायपिंगने सुजते, हे त्यांना बघवेना. कोणतं अक्षर जास्त येतं, कोणत्या बोटात जोर कमी, याचा वर्षभर विचार करून त्यांनी चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर अक्षरांची नवी मांडणी आखली होती. त्यांना स्वतःला टायपिंग येत नव्हतं. सुधारकाला ते यावंच लागतं असं नाही. कालच येडू मेकॅनिकने घरचं मशीन त्या पुठ्ठ्याबरहुकूम करून आणलं होतं.

"एका दिवसात हात बसला! मांडणी शास्त्रशुद्ध असली की असंच व्हतं."

"रविवारी तिची सरकारी परीक्षा हाय," त्यांची बायको सुंदरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "तितल्या मशीनवर जुनीच मांडणी. हात चुकला तर कचेरीतली नोकरी जाईल. मग तुमचा पुठ्ठा खायचा का आमी?"

"मग सरकारनं बदलावी की मांडणी. आत्ताच कळवतो."

रुद्राणी चहा टाकायला उठली होती. अप्पा तिच्या जागेवर बसले. नवा कागद चढवून, चष्मा सावरून, शोधून शोधून, त्यांनी एका बोटाने 'नमस्कार'मधला 'न' दाबला. कागदावर 'ह' उमटला. पुन्हा दाबला. पुन्हा 'ह'. त्यांनी वाकून मशीनच्या पोटात पाहिलं आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

कपबशी घेऊन आलेली रुद्राणी दारातच थबकली.

तिच्या सांगण्यावरून येडूने फक्त वरची बटणं इकडची तिकडे केली होती. अक्षर उमटवणाऱ्या आतल्या दांड्यांना त्याने हातही लावला नव्हता. टायपिंग क्लासमध्ये बटणं झाकून शिकवतात. त्यामुळे कोणत्या बटणावर काय लिहिलंय, हे रुद्राणीने कधी पाहिलंच नव्हतं. तिची बोटं जुन्याच वाटेने धावत होती, आणि करंगळी जुनीच दुखत होती.

"कळवलं का सरकारला?" आतून सुंदरम्माने विचारलं.

"कळवतो. सरकारला काय घाई हाय?" अप्पांनी कागद काढला, घडी घालून खिशात टाकला. मग सुनेच्या हातून चहा घेतला आणि तिची सुजलेली करंगळी नीट निरखून पाहिली.

"परीक्षा दे तू निवांत," ते हळूच म्हणाले. "सोमवारी दांड्यापण बदलू."