लाल दोरा, पांढरा दोरा

दहाही बाटल्या सारख्याच भरल्या होत्या. सोपान गराडेने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

१९६७ सालचा मार्च. लोणावळ्यातल्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत तो कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशी चपट्या काचेच्या बाटल्यांत वाढवत असे. भुशीच्या धरणातलं बारीक हिरवं शेवाळ त्याने बरण्यांत, उन्हात वाढवलं होतं आणि त्याचा अर्क काढला होता. हा अर्क मिळाला की पेशी झपाट्याने वाढतात, असं त्याचं म्हणणं. आंबीला, त्याच्या गावात, लोक यावर पोट धरून हसले. एवढं शिकून पोरगं धरणाचं शेवाळ खरवडतंय, म्हणाले.

गावाच्या हसण्याने कुणाचं काम बंद पडत नाही. पुण्याच्या संस्थेच्या पत्राने पडू शकतं, आणि ते पत्र आलं होतं. शनिवारी संस्थेच्या नंदाबाई येऊन पाहणार होत्या. फरक दिसला तर काम चालू. नाही तर खोलीला कुलूप आणि सोपानची रवानगी भांडारात, रिकाम्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

प्रयोग साधा होता. लाल दोऱ्याच्या पाच बाटल्यांना रोज अर्काचे पाच थेंब. पांढऱ्या दोऱ्याच्या पाच बाटल्यांना मिठाच्या पाण्याचे पाच. पण सोपानचा स्वतःवरच भरवसा नव्हता. आपला अर्क म्हटल्यावर हात झुकतो, नजरही झुकते. म्हणून थेंब घालायचं काम त्याने चिमाबाईंवर सोपवलं होतं. तेवढा वेळ तो बाहेर पायरीवर जाऊन बसे. मोजतानाही बाटल्यांच्या गळ्यातले दोरे फडक्याखाली झाकलेले असत.

चिमाबाई भुशीच्या वरच्या वाडीवरच्या. दोन वर्षांपूर्वी बाटल्या धुवायला आल्या आणि काचेची नळी अशी धरायला शिकल्या की सोपानने लाजावं. तोंडाला पदर बांधून, दिव्याच्या ज्योतीपाशी त्या थेंब सोडत. बाटल्यांना त्या ‘पोरं’ म्हणत.

“जेवली का पोरं, मावशी?” सोपान पायरीवरून विचारी.

“जेवली की. पोटभर.”

“कुणाला काय दिलं ते मला सांगायचं नाही हं.”

“म्या कशाला सांगतीया?”

अर्काची आठवड्याची बाटली मात्र तीन-चार दिवसांतच तळ गाठायची. मावशींचे थेंब जरा मोठे पडत असावेत, असं म्हणून सोपान नवा अर्क काढी. कामाच्या माणसाला थेंबावरून कोण बोलणार?

एक गोष्ट मात्र झकास झाली होती. पूर्वी, अर्क नव्हता तेव्हा, पेशींना बाटलीचा तळ झाकायला आठ दिवस लागत. या खेपेला दहाही बाटल्या चार दिवसांत भरल्या. सोपानने त्याचं श्रेय आईला देऊन टाकलं. अंबूबाई यंदा घरच्या कोंबड्यांची अंडी भुशाच्या डब्यात घालून गावाजवळच्या घोरावाडी स्टेशनावरून गाडीने पाठवत होती.

“आईच्या कोंबड्याच जोरकस,” तो म्हणाला. “त्यांच्यापुढे माझा अर्क काय करणार?”

तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा तेच.

शनिवारी नंदाबाई आल्या. सोपानला पुण्यात त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. त्यांनी एकेक बाटली पाहिली, आकडे लिहिले आणि मग फडकं उचललं.

“लाल असो की पांढरा, सगळं सारखंच रे,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझ्या अर्काने काहीच होत नाही.”

सोपानने मान डोलावली. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या चिमाबाईंकडे वळला. “तुमचा हात कुठे चुकला नाही, मावशी. माझा अर्कच कुचकामी.”

“कुचकामी?” चिमाबाईंना ते भलतंच लागलं. “आन् धा पोरं येवढी गुबगुबीत झाली ती काय वाऱ्यावर?”

“दहा नाही हो मावशी. अर्क पाचांनाच होता.”

चिमाबाईंनी नंदाबाईंकडे पाहिलं, सोपानकडे पाहिलं, आणि तोंडावरचा पदर खाली केला.

“तुमी सांगू नका म्हनलात म्हून गप ऱ्हायले,” त्या म्हणाल्या. “येका पंगतीला बसवायचं आन् निम्म्यांच्या म्होरं नुसतं मिठाचं पानी ठेवायचं? आमच्या वाडीवर असलं पाप कुनी करत न्हाई, सायेब. म्या पैल्या दिसापास्नं धाच्या धा पोरांना हिरवंच वाढलंय.”